गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे (जन्म : ५ जून १८८१, मृत्यू : ९ ऑक्टोबर १९५५) हे मराठी हार्मोनियमवादक, संगीतकार, नाटककार, अभिनेते व लेखक होते. संगीत मानापमान या नाटकाच्या चाली ही त्यांची सर्वांत परिचित कामगिरी असली, तरी हार्मोनियमला केवळ साथीचे वाद्य न ठेवता स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीतील कलावंतांत त्यांची गणना होते.

सुरुवातीचे जीवन

टेंबे यांचे बालपण कोल्हापुरात गेले. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. तेथील देवल क्लबमधील गाण्याबजावण्याच्या बैठकींतून त्यांचा कान तयार झाला. शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादियाखाँ कोल्हापुरात वास्तव्यास होते व त्यांच्या गायकीचा टेंबे यांच्यावर खोल परिणाम झाला. भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले, तसेच बुवांच्या मैफलींत त्यांनी साथही केली.

पायपेटी आणि हातपेटी

१८४० च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झालेले हार्मोनियम पायाने भाता मारून वाजवायचे वाद्य होते. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला हाताने चालणाऱ्या पेटीचे रूप दिले. बैठकीत मांडी घालून बसणाऱ्या वादकाला हातपेटी सोयीची ठरली, परंतु तिच्यात एक हात भात्यातच गुंतून राहतो. रंगभूमीवर मात्र पायपेटी व पुढे ऑर्गन टिकून राहिले. ध्वनिवर्धक नसलेल्या नाटकगृहात अखेरच्या रांगेपर्यंत सूर पोहोचवायचा, तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि वाराही भरपूर हवा.

या वाद्यांतील पायाचे काम वरवर पाहता यांत्रिक वाटते. प्रत्यक्षात वादकाची खरी कसोटी तेथेच लागते. दोन पट्ट्या आळीपाळीने दाबताना एक पाय सुटण्यापूर्वी दुसऱ्याने भार घेतला नाही, तर सुराला हिसका बसतो. पायपेटीतील एक विशिष्ट स्टॉप ओढला की साठवणीच्या भात्याची वाट बंद होऊन पायाचा दाब थेट रीडवर येतो. मग नटाचा स्वर चढेल तसा पाय भरावा लागतो आणि स्वर विरताना तो हलका सोडावा लागतो. पायाची लय तालाशी जुळवण्याचा मोह नवशिक्यास होतो. तो टाळावा लागतो, कारण वाऱ्याची गरज मात्रांनुसार बदलत नाही. ऑर्गनमध्ये वारा आत ओढला जात असल्याने आवाज अधिक मऊ येतो. पुष्कळ ऑर्गनांना गुडघ्याने बाहेरच्या बाजूस ढकलायच्या दांड्याही असतात व त्यांनी आवाज लहानमोठा करता येतो. मींड या वाद्यांत मुळातच नाही. तिचा आभास बोटांची चलाखी आणि वाऱ्याचा चढउतार यांतूनच निर्माण करावा लागतो.

नाटक व चित्रपट

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे मानापमान किर्लोस्कर नाटक मंडळीने १९११ मध्ये रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांसाठी टेंबे यांनी ख्यालाबरोबरच ठुमरी, दादरा, कजरी अशा पूरब अंगाच्या चालींचा आधार घेतला. साकी-दिंडीच्या वळणाला सरावलेल्या मराठी प्रेक्षकाला हा बाज नवा होता. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. मात्र ही भागीदारी फार काळ टिकली नाही. त्यानंतर त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पटवर्धन व तुलसीदास ही त्यांची नाटके होत.

प्रभात फिल्म कंपनीच्या अयोध्येचा राजा (१९३२) या मराठीतील पहिल्या बोलपटाचे संगीत त्यांचे होते. त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नसल्याने नटाला चित्रीकरणाच्या वेळीच गावे लागे. गायक-नट म्हणून रंगभूमीवर मिळालेला अनुभव टेंबे यांना येथे उपयोगी पडला.

हार्मोनियमचा वाद

मींडेचा अभाव आणि समान अंतरांत बांधलेले, श्रुतींशी न जुळणारे सूर या कारणांवरून हार्मोनियमवर सतत टीका होत राहिली. १९४० मध्ये आकाशवाणीने हे वाद्य आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्य केले. टेंबे यांच्या हयातीत ही बंदी कायम राहिली. १९७१ मध्ये ती अंशतः उठली.

लेखन

माझा संगीत व्यासंग व माझा जीवनविहार ही त्यांची आत्मपर पुस्तके त्या काळातील गायक, वादक आणि नाटक मंडळ्यांच्या अभ्यासासाठी आजही महत्त्वाची मानली जातात.