विश्लेषण : रेल्वेच्या डब्यात मिळाला ‘नवा करार’... येशू कोण, हे रेव्हरंड टिळकांनी कसे ओळखले?

चांद्यापासून बांद्यापर्यंत अनेक मराठी चर्चमध्ये आजही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने गायली जातात. कोकणातल्या चित्पावन ब्राह्मण घरातला हा कवी ख्रिस्ताकडे वळला, त्याची सुरुवात मात्र विदर्भात झाली. येशू हाच मसीहा, हे त्यांना कसे पटले आणि त्यासाठी काय मोजावे लागले?

मसीहा म्हणजे कोण?

मसीहा हा मूळ हिब्रू शब्द. त्याचा अर्थ अभिषिक्त, म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. ‘ख्रिस्त’ हे त्याचेच ग्रीक रूप. रोमन सत्तेखालच्या अनेक यहुद्यांना दावीद राजाच्या वंशातला मुक्तिदाता हवा होता. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायात येशू शिष्यांना विचारतो, की तुमच्या मते मी कोण? पेत्र त्याला ख्रिस्त म्हणतो. पण आपल्याला दुःख सोसून मरावे लागेल, असे येशू सांगतो तेव्हा तोच पेत्र त्याला विरोध करतो. नाव बरोबर होते, अर्थ अजून कळायचा होता. टिळकांचा प्रवासही काहीसा असाच झाला.

कोण होते हे टिळक?

हे लोकमान्य नव्हेत. जिल्हा मात्र एकच, रत्नागिरी. नारायण वामन यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावचा. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. संस्कृतचा व्यासंग दांडगा, पण पाय एका जागी ठरत नसे. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथांचे काम केले. जातिभेद आणि मूर्तिपूजा त्यांना पटेनाशी झाली होती. देशासाठी नवा धर्मच मांडावा, असे त्यांच्या मनात घोळत होते.

रेल्वेत काय घडले?

१८९३ च्या सुमारास ते नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले. हा मार्ग भंडारा-गोंदियातून, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या उत्तरेकडच्या झाडीपट्टीतून जातो. डब्यात एका परदेशी प्रवाशाशी गप्पा रंगल्या. त्याने ‘नवा करार’ हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांना ते अशक्य वाटले.

दिलेल्या शब्दाखातर त्यांनी वाचायला घेतले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. आपण शोधत होतो ते इथे आहे, असे त्यांना वाटले. आधी येशू त्यांना थोर शिक्षक वाटला, मग गुरू आणि अखेर प्रभू. हे एका दिवसात झाले नाही. ख्रिस्ती जाणकारांशी पत्रव्यवहार, शंका आणि वाद झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशन चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून नव्हे, तर रेव्हरंड तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाच्या हातून.

घराचे काय झाले?

घर तुटले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या नगरला पतीकडे आल्या, पण सोवळे पाळत. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांना स्वतःला उमगले, त्यानंतरच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला एवढे कारण त्यांना पुरेसे नव्हते. हा सगळा काळ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मांडला आहे.

मग मराठीपण सुटले का?

टिळकांचे उत्तर स्पष्ट होते : नाही. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, असे ते मानत. म्हणून त्यांच्या भजनांत ख्रिस्त गुरू होतो आणि माउलीही. चर्चमध्ये अभंग आणि कीर्तन यावे, हा त्यांचा आग्रह होता. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात पुढे ६४ अध्यायांची भर घातली.

शेवटचा निर्णय कोणता?

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ताला ओळखण्यासाठी परदेशी संस्थेच्या दारातूनच जायला हवे, हे त्यांना मान्य नव्हते. अनेक ख्रिस्ती लोकांनाही ही भूमिका पचली नाही. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबाराचे काम अर्ध्यावर राहिले. ख्रिस्ताला मराठीतून हाक मारणारी त्यांची भजने मात्र चर्चमध्ये टिकून आहेत.