तंजावरचे सरफोजीराजे आणि त्यांची उपकरणे

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे मराठी ग्रंथ सांभाळणे म्हणजे काय, हे सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. दूर दक्षिणेत तंजावर येथे हेच व्रत पाळणारे सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांचा ग्रंथसंग्रह सर्वश्रुत आहे. त्याच वाड्यातील त्यांच्या शास्त्रीय उपकरणांकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही.

सरफोजींचा जन्म 1777 चा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु 1787 मध्ये राजे निवर्तले आणि गादी त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली. पोरक्या सरफोजींचा सांभाळ जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी केला. पुढील शिक्षण मद्रासेस झाले. 1798 मध्ये हक्काची गादी मिळाली खरी. पण दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

राज्य नसलेल्या राजाने दिवस कसे घालवावेत? शिकार आणि नाचरंग हे तर सोपे मार्ग होते. सरफोजींनी हवा उपसून पोकळी करणारा पंप, घर्षणाने विद्युत् निर्माण करणारे यंत्र, आकाशनिरीक्षणाची साधने असा संग्रह उभा केला. शरीररचनेच्या अभ्यासासाठी त्यांच्याकडे हस्तिदंती सांगाडा होता. मृताच्या अस्थींचा विटाळ मानणाऱ्या त्या काळात ही तोड मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. ग्रंथ आणि उपकरणे यांत त्यांनी भेद केला नाही. वैद्यकावरील युरोपीय पुस्तके या वस्तूंच्या शेजारीच असत.

हा केवळ राजविलास होता काय? तसे म्हणवत नाही. धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक एकत्र अभ्यासले जाई. तेथील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, आजही उपलब्ध आहेत. देवनागरी खिळ्यांचा छापखानाही राजांनी काढला, तोही मुंबईत 1831 साली गणपत कृष्णाजींचा छापखाना निघण्यापूर्वी दोन दशकांहून अधिक काळ आधी! इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत तेथेच छापल्या गेल्या.

1820 मध्ये राजे काशीयात्रेस निघाले आणि परतताना हस्तलिखिते घेऊन आले. 1832 मध्ये त्यांचे निधन झाले. पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. ग्रंथसंग्रह मात्र टिकला. 1918 मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. त्यात एकट्या मराठीचीच 3000 हून अधिक हस्तलिखिते आहेत.