संगणकाला जागं करणारे किल्डॉल

घरातला जुना लॅपटॉप रखडत चालू लागला की त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची टूम निघते. सीडीचा खण हल्लीच्या लॅपटॉपला नसतो आणि पेन ड्राइव्ह ऐन वेळी सापडत नाही. मग एखादा जाणकार भाचा म्हणतो की इन्स्टॉलर हार्ड डिस्कवरच उतरवून घेऊ आणि तिथूनच सुरू करू. ऐकणाऱ्याला शंका येते, आणि ती रास्त आहे. जी डिस्क पुसून नव्याने मांडायची, तिच्यावरच बसून हे काम करायचं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणं नव्हे का?

तरीही ते जमतं. डिस्कवरचा बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम इन्स्टॉलरचा गाभा उचलून रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या चालत्या स्मृतीत, नेऊन ठेवतो. तिथून पुढे कारभार रॅममधून चालतो आणि डिस्क मोकळी होते. हृदय उघडायचं असतं तेव्हा आम्ही रुग्णाचं रक्ताभिसरण तेवढ्यापुरतं हार्ट-लंग मशीनवर सोपवतो, तसंच हे. पथ्यं दोनच. इन्स्टॉलरची मोठी फाइल डिस्कच्या ज्या भागात ठेवली असेल, तो भाग काम संपेपर्यंत पुसायचा नाही. आणि आपले फोटो, कागदपत्रं आधीच दुसरीकडे हलवायची.

छोट्या तुकड्याने मोठ्याला उठवण्याची ही युक्ती मोठ्या संगणकांत पूर्वीपासून होती. टेबलावर मावणाऱ्या संगणकापर्यंत ती आणण्यात सर्वांत मोठा वाटा गॅरी किल्डॉल यांचा. संगणकाच्या इतिहासात मात्र ते एका फसलेल्या सौद्यापुरतेच आठवले जातात.

किल्डॉल १९४२ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलला जन्मले. घरची शाळा होती, जहाजावरच्या लोकांना नौकानयन शिकवणारी. तरुणपणी त्यांनीही तिथे शिकवलं. वॉशिंग्टन विद्यापीठात गणिताकडून संगणकाकडे वळले, नौदलाच्या सेवेत कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवू लागले आणि १९७२ साली डॉक्टरेट मिळवली. मुळात हा माणूस शिक्षक. धंदा त्यांच्या वाट्याला नंतर आला, आणि माझ्या मते त्यांना तो कधीच मनापासून आवडला नाही.

त्याच सुमारास इंटेलची ४००४ ही चिप बाजारात आली होती. किल्डॉल यांनी ती मिळवली, तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिले आणि इंटेलचे सल्लागार झाले. या चिप सिग्नल, वजनकाटे, यंत्रांची नियंत्रणं यांसाठी आहेत, असं बहुतेकांना वाटत होतं. किल्डॉल यांना त्यात पूर्ण संगणक दिसत होता. अडचण साठवणुकीची होती. कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्रॅम ठेवायचा आणि प्रत्येक वेळी ती पट्टी यंत्रातून सरकवायची, हे काम कंटाळवाणं होतं आणि पट्टी फाटायचीही. नवी निघालेली आठ इंची फ्लॉपी डिस्क चांगली, पण तिला या छोट्या चिपशी बोलतं करणारं सर्किट नव्हतं. जॉन टोरोड या मित्राने ते बांधलं. १९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह या किनाऱ्यावरच्या गावात किल्डॉल यांची सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवरून चालू लागली. इंटेलला तिच्यात रस वाटला नाही. मग पत्नी डोरोथी यांच्यासोबत त्यांनी स्वतःची कंपनी काढली, पुढे ती डिजिटल रिसर्च म्हणून ओळखली गेली.

सीपी/एमच्या त्या आठ इंची डिस्कवर ७७ वर्तुळाकार पट्टे असत. त्यांतले पहिले दोन सिस्टीमसाठी राखून ठेवलेले. अगदी पहिल्या घरात, फक्त १२८ बाइटांत, एक चिमुकला प्रोग्रॅम असे. यंत्र सुरू झालं की तो आधी स्मृतीत येई आणि मग बाकीची सिस्टीम ओढून आणी. नवी डिस्क तयार करायची तर सिसजेन नावाची आज्ञा होती. ती सिस्टीम डिस्कवरून स्मृतीत उचले, मग डिस्क बदलायला सांगे आणि नव्या डिस्कच्या पहिल्या दोन पट्ट्यांवर ती उतरवी. डिस्क चालवणारं यंत्र एकच असलं तरी चालत असे. आज भाचा लॅपटॉपवर जे करतो त्याचं बीज इथे दिसतं. आधी स्मृतीत पाय रोवायचा, मग खालची जमीन बदलायची.

त्यांचं दुसरं काम मला त्याहून मोठं वाटतं. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, प्रत्येकासाठी सिस्टीम नव्याने लिहावी लागे. इम्साई कंपनीच्या यंत्रावर सीपी/एम बसवण्याची वेळ आली तेव्हा किल्डॉल यांनी यंत्रानुसार बदलणारा सगळा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. उरलेली सिस्टीम सगळीकडे एकच. मेंदूच्या तळाशी असलेला ब्रेनस्टेम श्वास आणि ठोके सांभाळतो म्हणून वरच्या मेंदूला विचार करायची सवड मिळते, तशी ही वाटणी. शेकडो बनावटींच्या संगणकांवर सीपी/एम धावली ती यामुळे. बायोसचं काम आता यूईएफआय करतं, पण दुरुस्तीच्या दुकानात अजून बायोस हाच शब्द कानावर पडतो.

१९८० साली आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्हला आले. त्या सकाळी किल्डॉल स्वतःचं विमान घेऊन एका ग्राहकाच्या कामाला गेले होते. गोपनीयतेच्या कागदावर सही करायला डोरोथी आणि कंपनीचे वकील कचरले. किल्डॉल परतल्यावर नेमकं काय झालं, याबाबत संबंधितांच्या आठवणी जुळत नाहीत. सौदा झाला नाही, एवढं खरं. मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटलच्याच एका छोट्या कंपनीकडून सीपी/एमच्या धर्तीवर लिहिलेली सिस्टीम विकत घेतली आणि आयबीएमला दिली. पुढे आयबीएमने किल्डॉल यांचीही सिस्टीम विकायला ठेवली, पण २४० डॉलरना. शेजारी मायक्रोसॉफ्टची ४० डॉलरना. गिऱ्हाइकाने काय उचललं असेल ते सांगायला नको.

विमान उडवायला गेले आणि संधी घालवली, हे वाक्य त्यानंतर आयुष्यभर त्यांच्या मागे लागलं. ते गरीब झाले नव्हते. दूरचित्रवाणीवर संगणकाचा कार्यक्रम अनेक वर्षं सादर करत होते, सीडीवर विश्वकोश आणण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांतही होते. १९९१ साली डिजिटल रिसर्च नोव्हेलला विकली गेली. पण डोरोथींपासून ते वेगळे झाले होते आणि दारू वाढत गेली होती. अपयशामुळे दारू, असं सरळ समीकरण मांडायचा मोह मी टाळतो. व्यसन हा आजार आहे आणि त्याला इतकी सोयीची कारणं लागत नाहीत.

८ जुलै १९९४ रोजी माँटरेमधल्या एका बारमध्ये ते पडले आणि डोक्याला मार लागला. ते कसे पडले हे कधीच स्पष्ट झालं नाही. दोनदा रुग्णालयात गेले, दोनदा बाहेर आले. तीन दिवसांनी गेले, वय ५२. शवविच्छेदनानंतरही मृत्यूच्या कारणावर एकमत झालं नाही.

त्यांच्याबाबत कोणाची हयगय झाली, असं मी म्हणत नाही. पण सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात असे रुग्ण रोज येतात. तोंडाला वास, कपाळावर खरचटलेलं, आणि पेंग दारूचीच आहे असं बरोबरच्यांना वाटतं. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याचा मेंदू आकसलेला असतो, त्यामुळे मेंदूवरून कवटीकडे जाणाऱ्या नसा ताणलेल्या असतात आणि थोड्या धक्क्यानेही फाटतात. यकृत बिघडलेलं असेल तर रक्त लवकर गोठत नाही. रक्त सावकाश साचत जातं. माणूस आधी बोलतो, चालतो, घरी जाऊ द्या म्हणतो. नंतर डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, झोपेतून उठवणं जड जाऊ लागलं, बोलणं अडखळलं किंवा एक हात लुळा पडला, तर सकाळची वाट न पाहता परत आणावं आणि सीटी स्कॅन करून घ्यावा. आधी तपासून घरी पाठवलं होतं म्हणून संकोच करू नये. दारूचं प्रमाणही खरं सांगावं, पोलिसांच्या भीतीने लपवू नये.

२०१४ साली अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्यांच्या जुन्या कचेरीच्या जागी सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक लावला. शेवटच्या काळात किल्डॉल यांनी आत्मचरित्र लिहिलं होतं. २०१६ साली मुलांनी त्याचा पहिला भाग वाचकांसाठी खुला केला. नंतरच्या पानांमध्ये दारूच्या आजाराची छाया आहे, ती आपल्या वडिलांचं खरं रूप दाखवत नाहीत, असं सांगून उरलेली पानं त्यांनी आपल्याजवळच ठेवली.