बालमनाच्या जाणकार : सुसान आयझॅक्स

लहान मुलांना शिकविण्यास माया असली की पुरे, विशेष विद्या लागत नाही, असा समज आजही आढळतो. ज्यांनी आपल्या कार्याने हा समज खोटा ठरविला, त्यांत सुसान आयझॅक्स यांचे नाव अग्रभागी आहे.

इंग्लंडमध्ये बोल्टनजवळच्या टर्टन गावी २४ मे १८८५ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या सहा वर्षांच्या असताना आई वारली. चौदा-पंधराव्या वर्षी धर्मविषयक मतांवरून वडिलांशी बिनसले आणि वडिलांनी त्यांची शाळाच बंद केली. पुढची काही वर्षे घरात आणि इतरांची मुले शिकविण्यात गेली. पण शिकण्याची ओढ कमी झाली नाही. बाविसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात बालवर्ग-शिक्षिकेचा अभ्यासक्रम धरला. त्यांची कुवत ओळखून अध्यापिकेने त्यांना पदवीकडे वळविले. १९१२ साली तत्त्वज्ञान विषयात प्रथम वर्गाची पदवी मिळवून त्या केंब्रिजला मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी गेल्या.

१९२४ मध्ये केंब्रिज येथील माल्टिंग हाउस शाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. अगदी लहान वयाच्या मुलांच्या या शाळेत बाग होती, प्राणी होते, खरी हत्यारे होती. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचे आयते उत्तर देण्याऐवजी बाई त्यांना स्वतः पाहावयास सांगत. एकदा पाळलेला ससा मेला. मुलांनी तो पुरला. दुसऱ्या दिवशी तो आकाशात गेला की जमिनीतच आहे, असा वाद निघाला. पाहून या, असे बाईंनी सुचविले. मुलांनी उकरून पाहिले, तर ससा तिथेच होता. मुलांचे असे बोलणे-वागणे रोज टिपून ठेवले जाई.

१९२७ साली त्यांनी ही शाळा सोडली. परंतु त्या टिपणांच्या आधारे १९३० व १९३३ मध्ये मुलांच्या बौद्धिक व सामाजिक वाढीवर त्यांचे दोन ग्रंथ निघाले. ओळखीच्या व आवडीच्या गोष्टींत लहान मूलही कार्यकारणाचा विचार करू शकते, हे प्याजे या प्रख्यात मानसशास्त्रज्ञांच्या मताला मुरड घालणारे प्रतिपादन त्यांनी पुराव्यानिशी केले. १९२९ ते १९३६ या काळात टोपणनावाने एका नियतकालिकातून त्या पालकांच्या शंकांना उत्तरे देत. मूल हट्ट का करते, रात्री का घाबरते, अशा साध्या अडचणींतही मानसशास्त्र कसे उपयोगी पडते, हे त्यांनी घरोघरी पोहोचविले. १९३३ साली लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेत बालविकासाचा विभाग त्यांनी उभा केला. १२ ऑक्टोबर १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.

जिची शाळा घरच्यांनीच बंद केली, तीच मुलगी पुढे शिक्षकांची शिक्षिका झाली. मधली वर्षे भरून काढावयास तिला किती कष्ट पडले असतील, याचा विचार मुलीचे शिक्षण थांबविण्यापूर्वी प्रत्येक पालकाने करावा. आणि बालवाडीत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनींनी मानसशास्त्र हा विषय अवश्य घ्यावा. मुलांवर प्रेम तर हवेच, पण त्यांचे मन वाचता आले तरच ते प्रेम कामी येते.