अंध कवीची काठी : जॉन मिल्टन

विद्यार्थी मित्रांनो, वृत्त शिकताना आपण लघु-गुरू मोजतो, गण पाडतो. हे सगळं कशाला करायचं, असं तुम्हाला वाटतं ना? मग इंग्रज कवी जॉन मिल्टन यांची ही गोष्ट वाचा.

मिल्टन यांचा जन्म ९ डिसेंबर १६०८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील दस्तऐवज लिहिण्याचं काम करत आणि संगीतरचनाही करत. त्यामुळे सूर-ताल घरातच होते.

१६४९ मध्ये इंग्लंडच्या राजाला मृत्युदंड झाला. नव्या सरकारने मिल्टन यांना परदेशी पत्रव्यवहाराचं काम दिलं. नजर अधू होत चालली होती, तरी त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. १६५२ मध्ये ते पूर्ण अंध झाले. त्याच वर्षी पत्नी गेली, लहान मुलगाही गेला. १६६० मध्ये राजेशाही परत आली. मिल्टन यांची पुस्तकं जाळली गेली, त्यांना काही काळ कैदेतही राहावं लागलं.

आणि याच काळात त्यांनी महाकाव्य रचलं! ते रात्री मनात ओळी रचत आणि सकाळी दुसऱ्याकडून लिहून घेत.

त्या ओळींचं माप असं : एका ओळीत पाच गण, प्रत्येक गणात दोन अक्षरं. पहिलं हलकं, दुसरं जोर देऊन. बाकावर बोटांनी वाजवून बघा : लगा लगा लगा लगा लगा. आपल्या वृत्तात अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हे पाहतात, इंग्रजीत आघात कुठे पडतो हे पाहतात. मिल्टन मधूनच हा क्रम बदलतात, म्हणून ओळ कंटाळवाणी होत नाही.

यमक मात्र त्यांनी ठेवलं नाही. म्हणजे ओळ लक्षात ठेवायला यमकाचा आधारही नाही! मला वाटतं, हे पाच ठोकेच त्यांची काठी झाले. एखादा शब्द निसटला, तर ठोका चुकल्याचं कानाला लगेच कळणार.

दहा हजारांहून जास्त ओळींचं हे 'पॅराडाइज लॉस्ट' १६६७ मध्ये छापलं गेलं. त्याचे सुरुवातीला फक्त ५ पौंड मिळाले. १६७४ मध्ये मिल्टन गेले, काव्य आजही वाचलं जातं.

तेव्हा मुलांनो, उद्या कविता पाठ करताना आधी ताल धरा. शब्द आपोआप मागे येतील.