काशीबाई कानिटकर

अकोला जिल्ह्यातील तेल्हाऱ्यात सकाळी शाळेची वेळ झाली, की दप्तर पाठीला लावून मुली घराबाहेर पडतात. त्यांना पाहून कोणी थांबत नाही, कोणी हसत नाही. आपल्याला ही साधी गोष्ट वाटते. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मुलीच्या हातात पुस्तक दिसले, तर घरातलीच माणसे रागावत. त्या काळात चोरून अक्षरे शिकलेली एक मुलगी पुढे मोठी लेखिका झाली. तिचे नाव काशीबाई कानिटकर.

काशीबाईंचा जन्म १८६१ साली आजच्या सांगली जिल्ह्यातील अष्टे या गावी झाला. माहेरचे आडनाव बापट. घर श्रीमंत होते, पण मुलीला शाळेत घालण्याची रीत नव्हती. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि त्या कानिटकरांच्या मोठ्या कुटुंबात आल्या.

त्यांचे पती गोविंदराव वाचनाचे वेडे होते. त्यांना शिकलेली पत्नी हवी होती आणि काशीबाईंना तर लिहिता-वाचताही येत नव्हते. पतीची नाराजी त्यांच्या मनाला लागली. त्यांनी शिकायचे ठरवले. पण घरातील बायकांना सुनेचे शिकणे मुळीच आवडत नव्हते. टोमणे ऐकावे लागत. दिवसभर घरकाम करायचे आणि सवड मिळेल तेव्हा, कोणाच्या नजरेस न पडता, अक्षरे जुळवायची. अशा रीतीने त्या आधी मराठी शिकल्या आणि पुढे इंग्रजीही शिकल्या. विचार करा, तुम्हाला असे शिकावे लागले असते, तर तुम्ही किती दिवस टिकला असता?

काशीबाई मात्र टिकल्या. १८८१ मध्ये त्यांचा पहिला लेख सुबोधपत्रिकेत छापून आला. पूर्वीच्या आणि त्या काळच्या स्त्रिया हा त्याचा विषय होता. आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, पण १८८७ मध्ये अगदी तरुणपणी वारल्या. काशीबाईंनी त्यांचे चरित्र लिहिले. ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र लिहावे, ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. त्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्याला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये काशीबाई होत्या.

त्यांची 'रंगराव' ही कादंबरी आधी मासिकातून थोडी थोडी छापली गेली. पुस्तकरूपाने ती यायला १९०३ साल उजाडले. त्यापूर्वी १८७३ मध्ये साळूबाई तांबवेकर यांची कादंबरी निघाली होती. पण आयुष्यभर लेखन करून वाचकांत मान मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री-कादंबरीकार म्हणून काशीबाईंचेच नाव घेतले जाते.

१९१८ मध्ये गोविंदराव वारले. काशीबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९२८ मध्ये, त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. राजघराण्याच्या थाटाला भुलून एका मुलीचे लग्न वेड्या राजपुत्राशी लावले जाते. ती रडत बसत नाही. राज्याचा कारभार हाती घेते आणि स्त्रियांसाठी शिक्षणाची व कामाची सोय करते. जे काशीबाईंना लहानपणी मिळाले नाही, ते त्यांनी आपल्या कादंबरीतल्या राज्यात सर्व मुलींना देऊन टाकले. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

तुमच्या उर्दू भाषेतही अशीच एक लेखिका होऊन गेली. पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी १८८१ मध्ये 'इस्लाहुन्निसा' ही कादंबरी लिहिली. ती छापली जायला १८९४ साल उजाडले आणि तेव्हाही पुस्तकावर त्यांचे नाव आले नाही. मुलाची आई एवढीच त्यांची ओळख दिली गेली. दोन भाषा, दोन प्रांत, पण अडचण एकच होती. पुढे आपल्या वऱ्हाडातच, वाशिमला, गीता साने जन्मल्या आणि त्यांनी स्वतःच्या नावाने निर्भयपणे कादंबऱ्या लिहिल्या. आधीच्या लेखिकांनी वाट केली होती, म्हणून हे घडले.

मित्रांनो, आज तुम्ही उघडपणे, दिव्याच्या उजेडात, एक सोडून दोन-तीन भाषा शिकता. तुमच्या घरी आजी किंवा आई वाचायला शिकली नसेल, तर रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि तिला तिचे नाव लिहायला शिकवा. काशीबाईंची आठवण ठेवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.