जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षाचें पद भोगून झाल्यावर पुढें प्रतिनिधिसभेंत साधा सभासद होऊन बसलेला पुरुष आजपर्यंत एकच झाला. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हें त्यांचें नांव. अध्यक्ष असतां त्यांच्या हातून फारसें कांहीं झालें नाहीं. जें झालें तें खालच्या आसनावरून झालें, म्हणून हें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म ता. ११ जुलै १७६७ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत ब्रेंट्री या गांवीं झाला. वडील जॉन अ‍ॅडम्स पुढें देशाचे दुसरे अध्यक्ष झाले. सन १७७५ त, वयाचीं आठ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, आईबरोबर टेकडीवर उभे राहून या मुलानें बंकर हिलच्या लढाईचा धूर पाहिला. दहाव्या वर्षीं तो बापाबरोबर समुद्रापार गेला व चौदाव्या वर्षीं रशियांतील वकिलाचा चिटणीस झाला. पुढें ते अनेक राजदरबारीं देशाचे वकील होते, व सन १८१७ पासून आठ वर्षें परराष्ट्रमंत्री होते.

पहांटे उठून पवित्र शास्त्राचे कांहीं अध्याय वाचावे व वर्षांत सर्व ग्रंथ पुरा करावा, असा त्यांचा नेम असे. रशियांत असतां त्यांनीं आपल्या वडील मुलाला शास्त्र कसें वाचावें याविषयीं लांबलचक पत्रें लिहिलीं. तरी ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीं त्यांच्या मनाचा निश्चय कधीं झाला नाहीं, हें लपवून ठेवणें बरें नव्हे. त्या एका गोष्टींत ते आपले गुरु होऊं शकत नाहींत. स्वभावहि तिखट होता.

सन १८२४ च्या निवडणुकींत कोणासहि बहुमत मिळालें नाहीं, तेव्हां प्रतिनिधिसभेनें अ‍ॅडम्स यांस निवडिलें. त्यांना मदत करणारे हेन्री क्ले यांसच त्यांनीं आपले परराष्ट्रमंत्री नेमिलें, आणि सौदा झाला अशी ओरड देशभर उठली. सौद्याचा पुरावा कोणी दाखविला नाहीं. पण ती नेमणूक शहाणपणाची नव्हती असें मला वाटतें. उलट पक्षाच्या कामदारांस केवळ पक्षासाठीं काढून टाकण्यास मात्र ते कबूल झाले नाहींत. सन १८२८ त त्यांचा पराभव झाला, व दुसऱ्याच वर्षीं वडील मुलगा पाण्यांत बुडून मेला. मान गेला, मुलगा गेला, वय साठीच्या पुढें गेलें.

तेव्हां शेजाऱ्यांनीं विचारिलें, आमचे प्रतिनिधि व्हाल काय? घरच्या मंडळीस हें आवडलें नाहीं. अ‍ॅडम्स यांस त्यांत कमीपणा दिसला नाहीं. डिसेंबर १८३१ त ते सभेंत बसले, आणि पहिल्याच महिन्यांत पेन्सिल्व्हेनियांतील क्वेकर लोकांचे पंधरा अर्ज त्यांनीं पुढें ठेविले. राजधानींतील गुलामगिरी व गुलामांचा व्यापार बंद करावा, असे ते अर्ज होते. त्या दिवशीं गुलामगिरी बंद करण्याच्या मागणीस त्यांनीं स्वतःचा पाठिंबा दिला नाहीं. गुलामगिरी पाप आहे असें ते आपल्या रोजनिशींत दहा वर्षांपूर्वींच लिहून चुकले होते. परंतु राष्ट्र फुटेल या भीतीनें मंत्री व अध्यक्ष असतां मुके राहिले. त्यांचें तोंड दुसऱ्यांच्या अर्जांनीं उघडलें.

सन १८३६ त सभेनें ठराव केला कीं, गुलामगिरीविषयीं जो अर्ज येईल तो न वाचतां, न छापतां बाजूस ठेवावा. ज्यांनीं कचेरींत अर्ज देऊन महिनोगणती वाट पाहिली आहे त्यांस याचा अर्थ समजावून सांगणें नको. अ‍ॅडम्स यांनीं आठ वर्षें हा ठराव सोसला नाहीं. अर्जांच्या दिवशीं ते गठ्ठे घेऊन येत. सभापति थांबवीत, तरी ते बोलत राहत. सन १८३८ त एका सभासदानें म्हटलें कीं स्त्रियांनीं राज्यकारभारांत अर्ज करूं नयेत. त्यावर त्यांनीं दबोरा व एस्तेर राणी यांचीं उदाहरणें सभेपुढें मांडिलीं.

सन १८४२ त राष्ट्र मोडावें असा एक अर्ज आला. तो मान्य करूं नये असें अ‍ॅडम्स यांचें स्वतःचें मत होतें, तरी त्यांनीं तो पुढें ठेविला. कारण न आवडणाऱ्या मनुष्याचाहि अर्ज घेतला पाहिजे. विरोधकांनीं त्यांच्या निषेधाचा ठराव आणिला. पंचाहत्तरीस आलेला हा म्हातारा जवळजवळ दोन आठवडे एकटा उत्तर देत राहिला, आणि शेवटीं विरोधकांनींच थकून ठराव सोडून दिला.

याच्या एक वर्ष आधीं अ‍ॅमिस्टाड जहाजाचा खटला झाला. आफ्रिकेंतून चोरून आणिलेल्या मेंडे लोकांनीं सन १८३९ त क्यूबाजवळ तें जहाज आपल्या ताब्यांत घेतलें, व पुढें अमेरिकेंत ते तुरुंगांत पडले. तीस वर्षें अ‍ॅडम्स सुप्रीम कोर्टांत उभे राहिले नव्हते. हात कांपत, डोळे पाझरत, आपल्या हातून या गरीबांचें वाईट होईल अशी धास्ती मनाला होती. ता. ९ मार्च १८४१ रोजीं कोर्टानें त्यांस स्वतंत्र ठरविलें. पस्तीस जण मिशनऱ्यांसह आफ्रिकेस परतले. जाण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या वकिलास एक पवित्र शास्त्र भेट दिलें. त्यांस मदत करणाऱ्या मंडळींतूनच पुढें सन १८४६ त अमेरिकन मिशनरी असोसिएशन निघाली.

ता. ३ डिसेंबर १८४४ रोजीं १०८ विरुद्ध ८० मतांनीं अर्जांचा तो ठराव रद्द झाला. त्या रात्रीं अ‍ॅडम्स यांनीं रोजनिशींत देवाचे आभार लिहिले.

ता. २१ फेब्रुवारी १८४८ रोजीं मेक्सिकोच्या लढाईंतील सरदारांचा गौरव करण्याचा प्रश्न सभेपुढें होता. ती लढाई अन्यायाची आहे असें त्यांचें मत होतें. त्यांनीं मोठ्यानें नकार दिला, आणि थोड्याच वेळानें ते आपल्या जागीं कोसळले. सभापतींच्या खोलींत दोन दिवस पडून ता. २३ रोजीं त्यांनीं प्राण सोडिला. त्या सभेंत इलिनॉय प्रांताचे अब्राहाम लिंकन हे नवीनच आलेले सभासद होते. गुलामगिरी देशांतून जाण्यास अजून सतरा वर्षें होतीं. अ‍ॅडम्स यांचा देह क्विन्सी गांवीं नेऊन त्यांच्या लोकांमध्यें पुरण्यांत आला.